निघोज्याच्या हॉलमधले गुरुवार

निघोजे
२१ नोव्हेंबर २०२५

पुनमबाई यांस,
धर्माजीचा राम राम.

मी येव्हाराचं फोनवर बोलत न्हाई, हे तुमाला ठावं हाय. आमच्या जमिनी गेल्या तवा एका दलालानं तोंडानं लई कबूल केलं व्हतं. नंतर त्याला कायबी आठवंना. तवापासनं मी कागदावर लिवून देतो आनि कागदावर लिवून घेतो.

तुमी माझा हाल गुरुवारी दुपारचा मागितला. गुरुवारी कंपन्या बंद, पोरास्नी जरा इरंगुळा, म्हनून दिला. मला वाटलं वाढदिवस, भिशी असलं काय असंल. आता कळतंय की तितं इंग्लिश तबकड्या लावून नाच चालतो. पोरं नाचत्यात ते एक येळ चालंल. पर बाया बी नाचत्यात, भर दुपारी, दारं सताड उघडी टाकून.

येत्या गुरुवारी मार्गशीर्षाचा पयला गुरुवार. घरोघर घट बसनार, बाया उपास धरनार, आनि माझ्या हालात धांगडधिंगा. माझा चुलतभाऊ विलास उत्सव कमिटीचा अध्यक्ष हाय. काल तो खिडकीतून बघून गेला. त्याचं म्हननं, तबकडीवर जितं गान्याचं नाव असतं तितं तुमी तांबडी चिठ्ठी डकवता. गानं चांगलं असतं तर नाव कशापायी झाकलं असतं, असं त्यानं मला पारावर चार मानसांत इचारलं. माझ्या गावात माझं तोंड गप व्हावं हे मला झेपत न्हाई.

तवा समद्या गान्यांची नावं आनि मराठीत अर्थ लिवून पाठवा. न्हाई पाठवलं तर हालाला कुलूप घालीन.

धर्माजी

महाळुंगे
२३ नोव्हेंबर

धर्माजीकाका, नमस्कार.

तुमची चिठ्ठी वॉचमनकडून मिळाली. नावं पाठवत नाही. का नाही ते सांगते, मग कुलूप घालायचं तर खुशाल घाला.

मी अंबाजोगाईची, इथे एका कंपनीत क्वालिटीला आहे. रबराची रिंग हातात घ्यायची, चीर दिसली की लाल स्टिकर लावून बाजूला टाकायची, हे माझं काम. विलासरावांना दिसलेली तांबडी चिठ्ठी म्हणजे तोच स्टिकर. छपाई चुकलेला एक रोल कंपनीने टाकून दिला, तो मी आणला. त्यावर रिजेक्ट असं छापलंय. अश्लील वगैरे काही नाही.

आम्ही जी गाणी वाजवतो त्यांना सोल म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं. देवाच्या भजनातून निघालं आणि प्रेमात, रोजच्या जगण्यात शिरलं. त्यातलं कितीतरी तर मोटारी बनवणाऱ्या गावात तयार झालं, म्हणजे आपल्यासारख्याच गावात. पुढे इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांत कामगार पोरं सुट्टीच्या दिवशी ह्याच गाण्यांवर नाचायची. कुणी कधी ऐकली नाहीत अशी गाणी हुडकून आणायची त्यांच्यात चढाओढ असायची. ज्याला दुर्मिळ रेकॉर्ड सापडली, तो तिच्या नावावर कागद चिकटवायचा. दुसऱ्याला नाव कळलं तर तोही आणेल आणि आपली मिरवायची गोष्ट जाईल, म्हणून. ही रीत तिथली आहे आणि आम्ही ती पाळतो. मागे पुण्याचा एक डीजे आला होता. गोड बोलून लेबलचा फोटो काढला आणि महिन्याभरात तेच गाणं स्वतःचा शोध म्हणून वाजवायला लागला. तेव्हापासून मी स्टिकर जास्तच घट्ट लावते.

आता रेकॉर्डबद्दल विचारलंच आहे तर ऐका. माझ्याबरोबर वाजवतो तो धनेश, प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून आकार देतात त्या विभागात. त्याची लाडकी रेकॉर्ड अशी की मधेच ढोलवाला चुकतो आणि गाणारा गाता गाता हसतो. पुन्हा रेकॉर्ड करायची त्यांची ऐपत नसणार, तसंच छापलं. धनेश म्हणतो, चूक झाल्यावर हसणारा माणूस आमच्या शॉपमध्ये एक तरी पाहिजे होता. माझी लाडकी मला कुदळवाडीच्या भंगार बाजारात मिळाली. परदेशातून आलेल्या रद्दीत होती. एका बाजूला गाणं, दुसरी बाजू कोरी. गाणारी बाई कोण, तिचं पुढे काय झालं, इंटरनेटवर शोधूनही सापडत नाही. तिचा आवाज बसलेला आहे, पण ती माघार घेत नाही. त्या रेकॉर्डवर मी जीव टाकते. तिचं नाव मी विलासरावांना तर सोडाच, माझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

राहिला बायांचा प्रश्न. येतात त्या सगळ्या कंपनीतल्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या. आठवडाभर एका जागी उभ्या राहून पाय लाकूड होतात. गुरुवारी दुपारी त्या मोकळ्या होतात, त्यात काय बिघडलं ते मला खरंच कळत नाही. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्याच गावच्या बाईला विचारा. खिडकीच्या काचा का हलतात ते बघायला त्या एकदा आल्या. आधी पाण्याच्या पिंपाजवळ बसून असायच्या, आता नाचतात. लुगडं नेसतात, उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, जरा लंगडतात, आणि दूध घ्यायची वेळ झाली की निघतात. मी त्यांना मावशी म्हणते. दर वेळी मला सांगतात, ती बसलेल्या आवाजाची लाव. इतकी सोज्वळ बाई ज्या हॉलमध्ये येते तिथे वाईट काही चालेल का, तुम्हीच सांगा.

गुरुवारी आम्ही येतोय.

पुनम

निघोजे
२५ नोव्हेंबर

पुनमबाई,

तुमी त्या बाईचं नाव इचारलं न्हाई. मी सांगतो. ठकुबाई. ती माझी बायकू हाय.

मला सांगून जायाची की दत्ताच्या देवळात भजनाला जाते. मी तिला देवळाच्या रस्त्यापतुर सोडायला गाडी काढायचो. आनि ती तितनं वळून माझ्याच हालात यायची, माझ्याच फरशीवर नाचायला.

घरात अबोला हाय. ती नाचली ह्याचा राग हाय का, ते मला सुदीक नीट सांगता यायचं न्हाई. परक्या पोरीला ठावं आनि मला न्हाई, ह्यानं लई लागलं. ती लंगडते हे मी घरात बघतो. ती नाचते हे मला तुमच्या कागदावर कळलं.

हालाला कुलूप घातलंय. आता नावं पाठवली तरी उघडायचं न्हाई.

धर्माजी

महाळुंगे
२८ नोव्हेंबर

काका,

मावशींचं मी तुम्हाला सांगायला नको होतं. मला माहीत नव्हतं हे खरं, पण त्यांचं नुकसान व्हायचं ते झालंच. तेवढ्याची माफी मागते. बाकी कशाची मागत नाही.

काल आम्ही आलो. कुलूप बघितलं. बायांना वाटलं मी आता परत फिरा म्हणणार. धनेशने त्याच्या मित्राचा टेम्पो तुमच्या भिंतीला लावला, समोरच्या टपरीवाल्या भाऊंनी लाईट दिली, आणि आम्ही रस्त्यावरच सुरू केलं. खडीवर नाचताना पाय घसरतात. सगळ्यांनी बूट घातले, सेफ्टी शूज, आणि धूळ अशी उडाली की रेकॉर्ड सारखी पुसायला लागत होती. विलासराव मोटारसायकलवरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा थांबून म्हणाले, "लाज वाटत नाय का?" आमच्या पिंकीने, ती पॅकिंगला आहे, गाणं न थांबवता सांगितलं, "नाही वाटत." त्यांनी किक मारली आणि गेले.

मावशी आल्या नाहीत. मी त्यांची रेकॉर्ड लावलीच नाही.

काका, मी खूप विचार केला. माझ्यामुळे तुमच्या घरात अबोला झालाय. तुम्ही मावशींना पुन्हा येऊ देणार असाल तर मी सगळे स्टिकर काढते. पारावर येऊन एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवते, अर्थासकट. पुण्याच्या डीजेपर्यंत नाव गेलं तर गेलं. माझ्या जिवावर येतंय, पण करीन. त्या बसलेल्या आवाजाच्या गाण्याचा अर्थ तर आत्ताच सांगते. ती बाई म्हणते, तू दार लावून घेतलंस तरी मी उंबऱ्यावर बसून राहीन, आणि मला थंडी वाजली तर माझं मी बघीन. ह्यात विलासरावांनी लाजावं असं मला तरी काही दिसत नाही.

उत्तर द्या. पुढच्या गुरुवारी आम्ही रस्त्यावर आहोतच.

पुनम

निघोजे
२ डिसेंबर

पुनम पोरी,
ठकुबाईचं अनेक आशीर्वाद.

माझं शिक्षान सातवी. अक्षर वंगाळ हाय, सांभाळून घे. तुझी चिठ्ठी ह्यांनी देव्हाऱ्याम्होरच्या पाटावर उघडीच ठेवली. बोलायचं न्हाई, पर मी वाचावी असं त्यांच्या मनात असनार. मी वाचली.

तू माफी कशापायी मागतीस? मी चोरी केली न्हवती, पर चोरावानी येत जात हुते. ते माझं चुकलं. खरं सांगून आले असते तर तुझ्यावर ही पाळी आली नसती.

तुला वाटत असंल म्हातारी नाचायला का येती. आमची शेती व्हती तवा माझं अंग दिसभर कामात असायचं. भात लावायचा, काढायचा, झोडायचा. लगनात बाया फेर धरायच्या, फुगड्या घालायच्या, कुनी नाव ठेवत न्हवतं. जमीन गेली, तीन मजली घर आलं, खाली भाडेकरू आले. मला बसून खायला सांगितलं. बसून बसून माझं गुडघं गेलं. समदी म्हनायची, ठकुबाई सुखात पडली. मला एका जागी कोंडल्यावानी वाटायचं आनि ते सांगायचं कुनाला? तुमच्या हालात पयल्यांदा ती पेटीवानी वाजती ती रेकार्ड ऐकली आनि माझं पाय आपसूक हलाया लागलं. मला रडू आलं. तुला दिसू नये म्हनून मी पानी प्यायला उठले.

आता विलासभाऊजींचं. मार्गशीर्षाचा गुरुवार मी बी पाळते. सकाळी घट मांडला, पोथी वाचली, उपास धरला. देवीला नाचाचं वावडं हाय हे त्यांना कुनी सांगितलं ते त्यांनाच ठावं. तू पारावर जाऊन कायबी वाचून दाखवायचं न्हाई. तांबडी चिठ्ठी एक सुदीक काढायची न्हाई. ते आज गान्यांची नावं मागत्यात, उद्या आमची मागतील. कोन बाई कितीदा आली, कुनाची सून, कुनाची पोर. तुझ्या रेकार्डीचं नाव तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.

शेवटच्या गुरुवारी माझं उद्यापन असतं. सात सवाष्णींना हळदीकुंकू करायचं. ह्या वक्ती मी ते हालात करनार हाय. बोलावनं तुलाच करते, तुझ्या समद्या बाया घेऊन ये. कोन सवाष्ण, कोन न्हाई, कुनाला नवऱ्यानं टाकली, हे मी इचारायची न्हाई. आनि ह्यांना मी हे कागदावर सांगनार न्हाई. आज जेवायला वाढताना तोंडावर सांगनार. अबोला त्यांनी धरलाय, मी न्हाई.

तुझी
ठकुबाई

निघोजे
७ डिसेंबर

पुनम,

हिनं सांगितलं. जेवन तसंच टाकून मी उठलो. दोन दिस तसंच गेलं. तिनं बी माझी मनधरनी केली न्हाई.

काल देवळात उत्सवाची मीटिंग हुती. समदी भावकी बसलेली. विलास उठला आनि म्हनाला, दादा, गावाला शिस्त लावायच्या आधी तुमी घर बघा, आमच्या वयनी हालात नाचत्यात. त्या दिशी खिडकीतून त्यानं हिला बी बघितलं असनार. मानसं हसली. काही जन खाली बघून हसली.

मला वाटलं हुतं त्या येळंला मला शरम येईल. आली न्हाई. मला विलासच्या तोंडाचा राग आला. हिनं माझ्यासंगट उन्हातान्हात चिखल तुडवला तवा ह्यातला एकबी जन बघायला आला न्हवता. आता नाचली तर खिडकीतून बघत्यात. मी उभा ऱ्हायलो आनि म्हनालो, व्हय, नाचती. माझ्या हालात नाचती. गुडघं दुखतं तरी नाचती. तुमच्यापैकी कुनाला नाचता येत असंल तर यावं, बघायचं असंल तर दारातून यावं, खिडकीतनं बघायचं न्हाई.

विलास म्हनाला, मग भावकीचं एकबी लगीन तुमच्या हालात व्हनार न्हाई. माझ्या सायलीचं बी न्हाई. सायली म्हंजे त्याची लेक, फेब्रुवारीत तिचं लगीन हाय, तारीख माझ्याकडंच धरल्याली. मी म्हनालो, नगा लावू. तोंडानं म्हनालो, पर लागलं. ती पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळली हाय.

घरी आलो तर हिला आधीच कळलं हुतं. तिनं चहा ठेवला. मीच म्हनालो, उद्यापनाला नारळ किती लागतील? तवा ती हसली.

कुलूप काढलंय. येत्या गुरुवारपासनं आत वाजवा, रस्त्यावर धुळीत नको. तांबड्या चिठ्ठ्या ऱ्हाऊ द्या. आता त्यांची नावं मला बी कळायला नकोत, म्हंजे कुनी इचारलं तर मला खोटं बोलावं लागायचं न्हाई. आवाज मात्र जरा दाबून ठेवा. काचा नव्या हायत.

धर्माजी

महाळुंगे
१२ डिसेंबर

काका आणि मावशी,

काल हॉलचं दार उघडं बघून पिंकी तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मग आम्ही सगळ्याच जरा रडलो आणि लगेच स्पीकर आत घेतले.

मावशी, तुमची रेकॉर्ड दोनदा लावली. काका, तुम्ही दारात खुर्ची टाकून पाठ करून बसला होता, ते सगळ्यांनी बघितलं. धनेश म्हणाला, काका पहारा देताहेत. मी म्हटलं, बायकोकडे बघायची हिंमत नाही. रागावू नका, पण मला तसंच वाटलं म्हणून लिहिते.

काचांचं सांगितलं म्हणून आवाज एका काट्याने कमी केला. त्याहून कमी होणार नाही.

एक अडचण आहे. येत्या गुरुवारी कंपनीने आम्हाला ओव्हरटाइमला बोलावलंय. माल निघायचा आहे म्हणे. सुपरवायझर म्हणाला, नाही आलात तर पुढच्या महिन्यात बघू. काय बघणार ते त्याने सांगितलं नाही, पण कॉन्ट्रॅक्टवरच्या बायांना ते न सांगता कळतं. मी त्याला सांगितलं, गुरुवार आमचा आहे, आणि ह्या गुरुवारी आमच्या मावशींचं उद्यापन आहे. बायांना मी काही सांगितलं नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, उद्यापनाला साडी नेसून यायचं की ड्रेस चालेल.

येतोय.

पुनम

निघोजे
१९ डिसेंबर

विलासला,
धर्माजीदादाचा राम राम.

तुझी चिठ्ठी मिळाली. तू कधी मला कागद लिवला न्हवतास, बरं वाटलं. तू इचारतोस, काल हालात काय झालं आनि त्याला जबाबदार कोन. समदं सांगतो. जबाबदार मी.

सकाळी तुझ्या वयनीनं हालात घट मांडला. गावातल्या बायांना बोलावनं गेलं हुतं. तू घरोघर सांगून ठेवलं हुतंस, त्यामुळं एकबी आली न्हाई. वयनी दाराकडं बघायची आनि पुन्यांदा पाट सरळ करायची. मग कंपनीच्या बाया आल्या. लातूरच्या, बीडच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांना सायबानं कामावर बोलावलं हुतं, तरी आल्या. सातच्या म्होरं मोजायचं आमी सोडून दिलं. समद्यांना हळदीकुंकू लावलं, वटी भरली, फळ दिलं. त्यातली एक म्हनाली, मला कुंकू लावू नका, माझा नवरा गेलाय. वयनीनं तिची हनुवटी धरली आनि लावलं. माझ्या घरात मी हे कधी होऊ दिलं नसतं, हे बी खरं सांगतो. काल होऊ दिलं.

मग त्या पुनमनं ती बसलेल्या आवाजाची तबकडी लावली. मागच्या गुरुवारी मी पाठ करून बसलो हुतो. काल खुर्ची फिरवली. विलास, माझी बायकू मी आयुष्यभर बघितली. चुलीपाशी, बांधावर, दवाखान्यात. तिला असं मी कधी बघितलं न्हवतं. ती लंगडत न्हवती. हात वर करून, डोळं मिटून, स्वताशीच हसत हुती. मला वाटलं, ही बाई कोन हाय आनि इतकी वर्सं कुठं हुती. माझं डोळं भरलं, आनि मी ते पुसलं न्हाईत.

आता तुला ज्याचा राग आलाय ते. गानं संपायच्या आधी यशोदाबाई आली. तुझी बायकू. तिला मी बोलावलं न्हवतं आनि अडवलं बी न्हाई. आधी तिनं देवीला हळदकुंकू वाहिलं. मग वयनीनं तिचा हात धरला आनि दोघी फेर धरल्यावानी फिरल्या. कुनी तिला वढली न्हाई. तिच्या तोंडावर काय हुतं ते तूच घरी बघितलं असशील, न्हाईतर आता बघ.

तिच्या मागं सायली हुती. ती नाचली न्हाई. गानं संपल्यावर माझ्यापाशी आली आनि म्हनाली, काका, माझं लगीन ह्याच हालात व्हनार, आनि वरात आल्यावर हीच गानी वाजनार. मी म्हनालो, तुझ्या बापाला मी लिवतो. ती म्हनाली, तुमी लिवू नका, काका, मी सांगनार हाय.

मी लिवलंच, कारन तुझ्या चिठ्ठीला जबाब द्यायला पायजे हुता. ही चिठ्ठी तुझ्या हातात पडंल तवा ती तुझ्याम्होरं उभी असंल. चिठ्ठी बाजूला ठेव आनि आधी तिचं ऐकून घे.

धर्माजी